मुद्दाम वाकडी टीप

सरळ शिवता येत नाही म्हणून रडणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या असतील तुम्ही. चिगुसा ओगुराचं रडगाणं उलटं होतं. तिला वाकडं शिवावं लागे, आणि ते काही केल्या जमत नसे.

जपानमधल्या हामामात्सूच्या जुन्या विणकर वस्तीत तिचं घर. घरातच दोन मशिनं मांडून ती जुन्या वळणाचे एप्रन आणि झगे शिवायची. बाह्यांचा पांढराशुभ्र काप्पोगी, जो घालून तिथल्या बायकांच्या दोन पिढ्या चुलीपुढे उभ्या राहिल्या. खिशाला झालर लावलेले चौकटीचे एप्रन. कमरेत घट्ट, खाली भरपूर घेर आणि गोल गळपट्टी असे टिपक्यांचे झगे. आताच्या पोरींना या जुन्या फॅशनचं भलतंच वेड. फोटो काढायला म्हणून घालतात आणि मग अंगातून काढवत नाही! चिगुसाच्या हाताला सफाईही तशीच. झग्याची उलटी बाजू पाहिली तरी सुलटी वाटावी.

ही झाली पुढच्या दाराची गिऱ्हाइकं. हसत यायची, आरशासमोर गिरक्या घ्यायची, हसत जायची. मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने येणारी गिऱ्हाइकं वेगळी. ती चपला हातात घेऊन आत यायची.

कारण असं की मूल बालवाडीत घालायचं तर त्याची पिशवी आईने स्वतः शिवलेली हवी, असा तिथला रिवाज. कुठे नियम लिहिलेला नाही, कुणी दंडही करत नाही. पण दुकानातली पिशवी घेऊन मूल आलं की बाकीच्या आया एकमेकींकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "बिचारं पोर." त्या 'बिचारं'ची धास्ती अशी, की भल्याभल्या बायकांची झोप उडते. मग त्या चिगुसाकडे येत आणि आपल्या 'बाई'सारखं नावापुढे 'सान' लावून दबक्या आवाजात सांगत, "चिगुसासान, जरा वाकडं शिवाल का? म्हणजे... मी शिवल्यासारखं वाटेल असं?"

आणि चिगुसा शिवून द्यायची. मशीन सरळ धावायला बघे, ही मधेच हिसका देई. एकीची टीप डावीकडे घसरलेली, दुसरीच्या कोपऱ्यात दोऱ्याचा गुंता, तिसरीचा एक बंद किंचित लांब. प्रत्येकीचा वाकडेपणा वेगळा ठेवावा लागे, नाहीतर सगळ्या आया एकाच ठिकाणी चुकतात हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं.

"अगं, जन्मभर मी पोरींच्या पाठीत रट्टे घालून त्यांना सरळ शिवायला शिकवलं," फुसाएबाई म्हणायच्या, "आणि तू माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी, वाकडं शिवतेस! वर गेल्यावर मला काय तोंड दाखवशील?"

"बाई, वर तुम्ही आधी जाणार."

"मग काय झालं? दारातच बसून राहीन तुझी वाट बघत."

फुसाएबाईंची शिवणाची शाळा केव्हाच बंद पडली होती. चिगुसाकडचे कापड बेतायचे कागदी नमुने त्या शाळेतलेच. ऐंशी उलटली तरी बाई रोज येऊन खिडकीशी बसत आणि काजं करत. काम कमी, टोमणे जास्त.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी, पतंगांच्या उत्सवासाठी गल्लोगल्ली बिगुलांचा सराव चालला होता, तेव्हा एका दुपारी कुरेबायाशीसान मागच्या दाराने आल्या. बालवाडीच्या पालक मंडळाच्या त्या अध्यक्ष. बोलणं लोण्यासारखं, पण शब्द मोडायची कुणाची टाप नाही. त्यांच्या मुलाची हिरव्या आगगाडीची पिशवी चिगुसानेच शिवलेली.

"आनंदाची बातमी आहे," चहाचा पेला हातात घेत त्या म्हणाल्या. "मातृदिनाच्या रविवारी बालवाडीत प्रदर्शन ठरवलंय. 'आईच्या हातची ऊब'! सगळ्या मुलांच्या पिशव्या एका भिंतीवर लावायच्या. आणि दोन शब्द बोलायला तुम्ही यायचं. शिवणातल्या जाणकार म्हणून!"

चिगुसाने हातातली किटली खाली ठेवली. "सगळ्या पिशव्या? एकाच भिंतीवर?"

"हो ना. म्हणूनच तर आले." कुरेबायाशीसानचा आवाज एकदम खाली आला. "माझी जरा आणखी वाकडी करून द्या. सासूबाई येणार आहेत पहिल्या रांगेत. त्यांनी माझ्या नवऱ्याचं सगळं हाताने शिवलेलं. लग्नात पाहुण्यांसमोर सांगितलं होतं त्यांनी, आमच्या घरातलं पोर कधी बाजारातली पिशवी घेऊन गेलेलं नाही म्हणून. त्यांना कळलं तर मला त्या घरात मान वर करून जेवता यायचं नाही, चिगुसासान."

बोलता बोलता त्यांचा पेला बशीवर खडखडला. अध्यक्षबाईंनाही भीती वाटते हे चिगुसाला तोवर ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

कुरेबायाशीसान दचकल्या. चिगुसाने खुणेनेच त्यांना बसायला सांगितलं, मधलं सरकतं दार ओढून घेतलं आणि पुढे गेली. दारात माडोका इनागाकी उभी. पार्सलं पोचवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर होती ती. चिगुसाच्या कापडाचे गठ्ठे तीच आणून टाकायची. नवरा नाही, घरात ती आणि पाच वर्षांची वाकाबा, दोघीच. मालाचे खोके खांद्यावर लीलया पेलणारी ही बाई त्या दिवशी हातात टोपी चुरगाळत उभी होती.

"आज पार्सल नाही, चिगुसासान. माझंच काम आहे. एक मिनिट."

"या ना, बसा."

"नाही, गाडी बाहेर उभी आहे." तिने एकदा दाराबाहेर पाहिलं. "वाकाबाची पिशवी मी बाजारातून घेतली होती. सशाची. मला वाटलं, तिला आवडेल. आता मुलं तिला विचारतात, तुला आई नाही का?"

चिगुसाने हळूच मधल्या सरकत्या दाराकडे पाहिलं.

"मला मशीन येत नाही," माडोका म्हणाली. "पण ते एक जाऊ दे. तिला आणायला मी कायम उशिरा पोचते. इतर मुलांच्या डब्यात गाजराची फुलं असतात, माझ्या पोरीच्या डब्यात रात्रीचाच भात. तरी मनाची समजूत घालत होते, की सगळ्याच अशा ओढाताणीत असतील. म्हणून तुम्हालाच विचारायला आले. तुम्ही शिवणातल्या, तुम्हाला ठाऊक असणार. खरंच सगळ्या जणी पिशव्या स्वतः शिवतात? नोकरी करणाऱ्यासुद्धा?"

सरकत्या दारामागे पेला अगदी हलक्या हाताने खाली ठेवल्याचा आवाज झाला. चिगुसाने तो ऐकला. दोन पावलांवर एका बाईची अब्रू बसली होती, आणि समोर दुसरी बाई उत्तराची वाट बघत होती.

"हो," चिगुसा म्हणाली. "सगळ्याच शिवतात."

"असं होय." माडोकाने मान हलवली. "मग तुम्ही मला एक..."

"मी मुलांच्या पिशव्या घेत नाही हो. फक्त एप्रन आणि झगे."

किती सहज निघून गेलं तोंडातून! माडोका कमरेत वाकली, वेळ घेतला म्हणून माफी मागितली आणि पायऱ्या उतरून गेली. चिगुसा परत स्वयंपाकघरात आली तेव्हा कुरेबायाशीसान सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, "छान सांभाळून घेतलंत. उपकार झाले."

उपकार! तो शब्द चिगुसाला माशाच्या काट्यासारखा घशात टोचत राहिला.

पुढचे दिवस मोठे वाईट गेले. मशीनवर बसलं की टीप सुटे. काप्पोगीची बाही उलटी जोडली गेली, अशी चूक तिच्या हातून नवखेपणीही झाली नव्हती. नवरा पियानोच्या कारखान्यातला, कानाचा तिखट. तो म्हणाला, "तुझ्या मशीनचा आवाज बदललाय. तेल घाल." तेलाचं काम नव्हतं ते. रस्त्यावर पार्सलची गाडी थांबली की ती मशीन सोडून खिडकीशी जाई. पण माडोका आलीच नाही. एके सकाळी कापडाचा गठ्ठा घेऊन दुसराच ड्रायव्हर आला.

"माडोकासान आजारी आहेत का?" तिने विचारलं.

"नाही हो. सामान बांधतायत. मुलीला लांब तोत्तोरीला पाठवतायत ना, आपल्या मोठ्या बहिणीकडे. कायमचीच म्हणे. बहीण रविवारी येणार न्यायला. ते बालवाडीचं काहीतरी आहे ना सकाळी, ते उरकून दुपारच्या गाडीने." त्याने पावतीवर सहीच्या जागी तिचा शिक्का घेतला. "आम्ही सांगून थकलो. म्हणते, मला आईपण जमत नाही."

त्या संध्याकाळी चिगुसा माडोकाच्या घरी गेली.

दोन खोल्यांचं बिऱ्हाड. वाकाबा जमिनीवर बसून आपले छोटे मोजे जोडीजोडीने लावत होती. चिगुसाला पाहताच म्हणाली, "मावशी, तोत्तोरीला वाळूचे डोंगर आहेत! उंटसुद्धा आहे!" मग मोज्यांकडे बघत तिने पुढचं सांगितलं, अगदी पाठ केल्यासारखं, "पण आई नाही येणार. आईला मला नीट सांभाळता येत नाही ना, म्हणून."

माडोका तिला "आत जाऊन खेळ" म्हणाली. टेबलावर कुणाकडून तरी उसनं आणलेलं मशीन होतं, आणि त्याच्याशेजारी एक पिशवी. एक बंद आतून शिवलेला, एक बाहेरून. टीप नदीसारखी वळणं घेत गेलेली. माडोकाच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या.

"शिवली शेवटी," ती हसली. "म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी पोरीची पिशवी भिंतीवर लागू दे. पण बघा ना हिच्याकडे. बालवाडीच्या खुंट्यांवर दुसऱ्यांच्या पिशव्या बघितल्यात मी. त्याही कुठेकुठे वाकड्या आहेत. पण त्यांच्या वाकड्यात माया दिसते हो. माझं नुसतंच वाकडं."

चिगुसाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! ज्या वाकड्या टिपांना ही बाई माया समजत होती, त्या तर आपणच मशीनला हिसका देऊन घातलेल्या.

"माडोकासान, मी त्या दिवशी खोटं बोलले," ती घाईघाईने म्हणाली. "सगळ्या नाही शिवत. पुष्कळ जणींच्या मीच शिवते."

माडोकाने तिच्याकडे नीट पाहिलं. "कोणाच्या?"

चिगुसा टेबलावरच्या पिशवीचा वाकडा बंद सरळ करू लागली.

"एक नाव सांगा, चिगुसासान. एकच."

"ते... ते नाही सांगता यायचं मला. शब्द दिलाय."

माडोकाच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्या जागी आली ती कणव, आणि तीही चिगुसाबद्दलची. "तुम्ही फार चांगल्या आहात," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलात. पण अशी समजूत नका घालू. मला तिच्या भल्याचं करू द्या."

बघा तर! खोटं एका शब्दात पटलं होतं. खरं पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिगुसाने फुसाएबाईंना सगळं सांगितलं. सांगताना रडली. बाईंनी हातातलं काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"हे 'आईच्या हातची ऊब' कुठून काढलं गं तुम्ही?"

"पूर्वीपासूनच आहे ना, बाई. तुमच्या काळात तर सगळ्या बायका..."

"डोंबल तुझं! आमच्या काळात सगळ्या शिवायच्या, कारण दुकानात काही मिळायचं नाही. मिळालं तर परवडायचं नाही. काप्पोगी काय मायेचं निशाण होतं? आतला किमोनो धुवायचा उपद्व्याप वाचावा म्हणून वरून चढवायचा, बस. पहिल्यांदा तयार चड्ड्या-बंड्या दुकानात आल्या ना, तेव्हा माझी आई चक्क नाचली होती! तिची माया आटली होती का तेव्हा? हात मोकळे झाले म्हणून नाचली. तुम्हाला त्या दिवसांचे नुसते फोटो दिसतात. घेरदार झगा दिसतो, तो शिवता शिवता आखडलेली पाठ दिसत नाही."

"पण बाई, आता काय करू? नावं सांगितली तर त्या बायकांचं वाटोळं. नाही सांगितली तर ती पोर उद्या गाडीत बसेल."

"नावं सांगायची नाहीत," बाई ठामपणे म्हणाल्या. "शिवणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाची मापं चारचौघांत बोलू नयेत, हे मीच शिकवलंय तुला. कुणाचं गुपित आहे ते तिचं तिच्याकडे राहू दे. पण खोटं कुणाचं आहे?"

चिगुसा मशीनवरच्या कापडाची घडी घालू लागली.

"खोटं तुझं आहे. ते तेवढं परत घे. आणि कानात कुजबुजून नको, कालच बघितलंस ना काय झालं ते. सगळ्यांसमोर घे."

"मला कुणी काम देणार नाही मग."

"नाही देणार कदाचित," बाई म्हणाल्या आणि पुढचं काज हातात घेतलं. उगाच धीर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी बालवाडीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतभर पिशव्या: आगगाड्या, फुलं, मासे, चांदण्या. प्रत्येकीखाली मुलाचं आणि आईचं नाव. चिगुसा निळा टिपक्यांचा झगा घालून आली होती. तो पाहून दोघीतिघींनी कौतुक केलं, तिला ते ऐकूही गेलं नाही. ती भिंत बघत होती. जिकडेतिकडे तिचाच हात! आणि कडेला, खांबाच्या आडोशाला, वाकाबाची पिशवी.

सर्वांत मागे दाराशी माडोका उभी होती. शेजारी तिची बहीण मित्सुयो, पायाशी सामान. वाकाबाच्या पाठीवर दप्तर तयार.

कुरेबायाशीसान ध्वनिक्षेपकापुढे आल्या. त्यांच्या सासूबाई पहिल्या रांगेत मध्यभागी, ताठ बसलेल्या, त्यांच्यामागेच फुसाएबाई.

"या एकेका टाक्यात आईची ऊब आहे," कुरेबायाशीसान म्हणाल्या. "टीप जरा वाकडी असेल, पण म्हणूनच ती बाजारात मिळत नाही. मुलाला कळतं, ही माझ्या आईने माझ्यासाठी शिवली. आता जाणकार म्हणून ओगुरासान दोन शब्द बोलतील."

टाळ्या पडल्या. मागे माडोकाने मान खाली घातली आणि वाकाबाचा हात धरला. निघायच्या बेतात होत्या त्या.

चिगुसा उभी राहिली. तिने आपले हात झग्याच्या खिशात घातले.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "शिवता येतं. या भिंतीवरच्या पुष्कळ पिशव्या मी शिवलेल्या आहेत."

सभागृहात कुणीतरी हसलं.

"कुणाच्या, ते मी सांगणार नाही. विचारू नका, आणि शोधूही नका. ही वाकडी टीप मी मुद्दाम वाकडी घातली आहे. त्यात माझा हिसका आहे, दुसरं काही नाही. ज्यांनी शिवून घेतल्या त्या वाईट आया नाहीत. त्या दमलेल्या आहेत, आणि घाबरलेल्या. पण एका आईने मला विचारलं होतं, सगळ्या जणी खरंच स्वतः शिवतात का? आणि मी तिला 'हो' म्हणाले. माडोकासान, मी खोटं बोलले! त्या खोट्यावर विसंबून तुम्ही आज आपल्या मुलीला लांब पाठवताय. ते खोटं मी सगळ्यांच्या देखत परत घेते. तुम्ही ती पिशवी बोटं फोडून शिवलीत. पण शिवली नसतीत, सशाचीच राहू दिली असतीत, तरी तुम्ही तिची तेवढीच आई होतात!"

आया एकमेकींकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होत्या. एकीने रागाने पर्स उचलली. चिगुसाला वाटलं, आता कुरेबायाशीसान हसून म्हणतील, ओगुरासान गंमत करतायत, आणि सगळं होतं तिथेच राहील.

कुरेबायाशीसानने ध्वनिक्षेपक हातात घेतला खरा. आधी हसण्याचा प्रयत्नही केला. मग त्यांची नजर मागे, पाठीवर दप्तर लावून उभ्या असलेल्या त्या पोरीवर गेली. वाकाबा टाचा उंचावून भिंतीवर आपली पिशवी शोधत होती.

"ती हिरव्या आगगाडीची पिशवी," कुरेबायाशीसान म्हणाल्या, आणि आवाज फाटला, "माझ्या मुलाची आहे. ती मी शिवलेली नाही. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही!"

पहिल्या रांगेतल्या सासूबाईंचं डोकं गर्रकन सुनेकडे वळलं. "ओरिए! काय बोलतेस हे? आपल्या घरात आजपर्यंत..."

मागून फुसाएबाई खोकल्या. साधासाच खोकला. सासूबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. त्यांची मान हळूहळू लाल होत गेली.

"फुसाए, तू गप्प बस," त्या मागे न बघता म्हणाल्या.

"मी कुठे काय बोलले?" बाई म्हणाल्या. "घसा कोरडा पडला."

क्षणभर कुणाला उलगडा झाला नाही. आणि झाला तेव्हा सगळं सभागृह खदखदून हसलं. म्हणजे या सासूबाईंच्या लेकराची पिशवीही एके काळी बाईंच्याच शाळेतून शिवून गेली होती! सासूबाई सुनेकडे बघून पुटपुटल्या, "मला वाटायचं, फक्त मलाच जमत नाही." सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मग बांध फुटला. "फुलाची पिशवी माझी, मीही नाही शिवली." "आमची माझ्या आईने शिवलीय." "माझ्या नवऱ्याने. तो लाजतो म्हणून माझं नाव लावलं." प्रत्येकीला वाटत होतं, साऱ्या गावात आपणच एक नालायक. आणि प्रत्येकीने ते शेजारणीपासून लपवून ठेवलं होतं.

मागे दाराशी वाकाबाने आईची बाही ओढली. "आई, मग मी तोत्तोरीला जायचं का?"

माडोका खाली बसली आणि पोरीच्या पाठीवरचं दप्तर उतरवायला लागली. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी बक्कल सुटेना, तेव्हा मित्सुयोने वाकून ते सोडवलं.

"ताई, तू एवढ्या लांबून..." माडोका म्हणाली.

"मग काय झालं? जेवायला घाल आणि पाठव परत," मित्सुयो म्हणाली. "फोनवर दिवसरात्र रडत होतीस, म्हणून आले मी. पोर तुझी, मला कशाला?" आणि तिने नसलेला राग चेहऱ्यावर आणून नाक पुसलं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. पर्स उचललेली बाई पुन्हा कधी चिगुसाशी बोलली नाही, आणि आणखी काही जणींनी झगे दुसरीकडे टाकले. पण त्या बालवाडीत पालक मंडळाने ठराव केला, की पिशवी शिवलेली असो, विकतची असो, थोरल्या भावाची जुनी असो, कुणी कुणाला विचारायचं नाही. वाकाबा पुन्हा सशाची पिशवी नेऊ लागली, कारण तिला ससा आवडतो. माडोकाने मशीन परत केलं. तिला ते मुळात आवडतच नव्हतं.

वाचकहो, शिवण ही सुंदर कला आहे. ज्याला आवडते त्याने जरूर शिवावं, मायेने शिवावं. पण एकाची हौस दुसऱ्याला मोजायची पट्टी झाली, की तिथे माया संपते आणि धाक सुरू होतो. आणि हा धाक टिकतो कशावर? एखाद्या दुष्ट माणसावर नाही. तुमच्या-माझ्यासारख्या सभ्य, गप्प बसणाऱ्या माणसांवर टिकतो. तुमच्या घरी पिशवी नसेल. विकत आणून घरच्या डब्यात भरलेला फराळ असेल, किंवा 'आमच्याकडे सगळं मीच करते' हे एक वाक्य असेल. आपण आपली लाज झाकायला ते बोलतो, आणि ऐकणारी घरी जाऊन स्वतःला दोष देत बसते.

तेव्हा कुणी दमलेला माणूस दारात येऊन विचारेल, "सगळ्यांना जमतं, मग मलाच का जमत नाही?" तर उत्तर देण्याआधी थांबा, आणि खरं सांगा. तुमच्या एका 'हो'वर कुणाचं तरी मूल आईला सोडून गाडीत बसायला निघालेलं असतं.